चिपिंग कॅम्डन परिसरातल्या सोप्या पायवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की इंग्लंडमधल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा, सासू-सासरे येतात. लंडन होतं, ऑक्सफर्ड होतं, स्ट्रॅटफर्ड होतं. मग ‘आता कुठे न्यायचं?’ असा प्रश्न पडतो. आमचं उत्तर ठरलेलं असतं: कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशाच्या उत्तर टोकाला असलेलं चिपिंग कॅम्डन, आणि तेही गाडीच्या काचेतून न बघता पायी फिरून. ही जागा सुचवली की लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते आणि त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ट्रेकिंगची आवड असणाऱ्यांसाठी हे पान नाही. संध्याकाळी बागेत दोन फेऱ्या मारणाऱ्या माणसाला झेपतील अशाच वाटा इथे दिल्या आहेत.

हे गाव नेमकं कुठे आहे? कॉट्सवोल्ड्समधली इतकी गावं सोडून हेच का?

ग्लॉस्टरशरच्या ईशान्य कोपऱ्यात, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनपासून साधारण बारा मैलांवर. बिबरी किंवा बोर्टन-ऑन-द-वॉटरला उन्हाळ्यात बसगाड्या भरभरून माणसं येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. कॅम्डनलाही गर्दी असते, पण हाय स्ट्रीटवरून कुठल्याही बोळात शिरलात की पाच-दहा मिनिटांत तुम्ही शेतात असता. तिथे मेंढ्या, वारा आणि तुम्ही, एवढेच.

हे गाव लोकरीवर उभं राहिलं. मध्ययुगात इथल्या मेंढ्यांची लोकर युरोपभर जायची आणि त्या पैशातून ही दगडी घरं बांधली गेली. हाय स्ट्रीटवरचं ग्रेव्हल हाउस १३८०च्या सुमाराचं, विल्यम ग्रेव्हल या लोकर-व्यापाऱ्याचं. १४०१ मध्ये तो वारला. सेंट जेम्स चर्चच्या जमिनीत त्याचा आणि त्याच्या बायकोचा पितळी पत्रा बसवलेला आहे. त्यावर इंग्लंडच्या सगळ्या लोकर-व्यापाऱ्यांमधलं ‘फूल’ असा त्याचा लॅटिनमध्ये गौरव केला आहे.

रस्त्याच्या मधोमध १६२७ सालचा मार्केट हॉल आहे. सर बॅप्टिस्ट हिक्स या रेशमाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने तो लोणी, चीज, कोंबड्या विकायला येणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून बांधला. चारही बाजूंनी कमानी, वर लाकडी छत आणि खाली दगडी फरशी. या फरशीवर जरा उभे राहा. चारशे वर्षांच्या पावलांनी ती इतकी खालीवर झिजली आहे की उंचवटे आणि खळगे बुटातूनही जाणवतात. वयस्कर माणसांचा हात इथे धरा, खासकरून पाऊस पडून गेला असेल तर.

कुणाच्याही शेतातून चालत जायचं? मालक ओरडणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि आपल्या माणसांचा हा संकोच आम्ही पुरेपूर समजू शकतो. दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला चांगलंच ठाऊक असतं. म्हणून स्पष्टच सांगतो: नकाशावर जी सार्वजनिक वाट आहे, तिच्यावरून चालायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. जमीन शेतकऱ्याची, पण वाटेवरचा हक्क सगळ्यांचा. तुम्ही इथले नागरिक आहात की पर्यटक, याने काही फरक पडत नाही. परवानगी नको, तिकीट नको, कुणाला सांगायची गरज नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांचं जाळं सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचं आहे. यातल्या बहुतेक वाटा शेतमजूर, चर्चला जाणारे, गिरणीत धान्य नेणारे, शाळकरी पोरं अशा साध्या माणसांच्या रोजच्या ये-जा करण्यातून पडल्या. पुढे जमिनी बंदिस्त होत गेल्या तशा अनेक वाटा बंद पडायला लागल्या आणि माणसांना आपल्या चालण्यासाठी भांडावं लागलं. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो कामगार तरुण मुद्दाम मनाई मोडून चढले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. १९४९च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करणं भाग पडलं. आज तुम्ही निवांत जी वाट चालता, ती त्या नकाशावर आहे म्हणून टिकली आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही नियम आहेत. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली, तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते आणि पिकातही ती दिसेल अशी ठेवावी लागते. म्हणून जूनमध्ये गव्हाच्या उभ्या पिकातून मीटरभर रुंदीची सरळ पट्टी गेलेली दिसते. पहिल्यांदा बघताना आई-बाबा थबकतात आणि ‘अरे, पीक तुडवलं जाईल’ म्हणतात. ती पट्टी तुमच्यासाठीच मोकळी ठेवलेली आहे. पट्टीवरून एकामागे एक चाला, बाजूच्या पिकात शिरू नका, झालं. समोरून शेतकरी आला तर हसून ‘मॉर्निंग’ म्हणा. तोही म्हणेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: फाटक जसं असेल तसंच ठेवा. बंद असलेलं उघडलंत तर मागे लावा, उघडं ठेवलेलं असेल तर उघडंच राहू द्या. मेंढ्या पाण्यापर्यंत जाव्यात म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं.

वाट चुकलो तर? खुणा कशा ओळखायच्या?

फाटकांवर आणि खांबांवर छोटे गोल बिल्ले असतात, त्यावर बाण. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडेस्वार आणि सायकलवालेही भेटतील. ओकच्या फळाचं चित्र दिसलं तर ती राष्ट्रीय पदभ्रमण वाट. इथे ती म्हणजे कॉट्सवोल्ड वे. ही १०२ मैलांची वाट कॅम्डनच्या मार्केट हॉलपाशी सुरू होते आणि बाथच्या ॲबीपाशी संपते. तुम्ही तिचा पहिला मैल-दीड मैलच चालायचा आहे.

फोनवरचे नेहमीचे नकाशे रस्त्यांसाठी ठीक असतात, शेतातल्या वाटांसाठी नाहीत. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्स्प्लोरर मालिकेतला ओएल ४५ क्रमांकाचा नकाशा घ्या. त्यावर ४ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. गावाच्या उत्तरेकडे लांब जाणार असाल तर २०५ क्रमांकाचाही लागेल. कागदी नकाशा टेबलावर पसरून आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून वाट बघण्यात मजा असते. बाबा लोकांना तर हे काम फार आवडतं.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. त्यांना काय झेपेल?

सुरुवात गावातूनच करा. मार्केट हॉलपासून चर्च स्ट्रीटने सेंट जेम्स चर्चकडे चालत जा. वाटेत डाव्या हाताला १६१२ सालची धर्मशाळावजा घरांची रांग लागते. गरीब वृद्धांसाठी ती बांधली बॅप्टिस्ट हिक्सनेच. समोर रस्त्याच्या कडेला खोलगट फरसबंद खड्डा दिसेल. त्यात पाणी भरून बैलगाड्या-घोडागाड्यांची चाकं धूत आणि लाकूड फुगवून घट्ट करत. आपल्याकडे चाकाची धाव बसवताना पाणी वापरत ते बाबांना आठवेल.

चर्चच्या शेजारी हिक्सच्या वाड्याचे अवशेष आहेत. हा भव्य वाडा फार तर तीसेक वर्षं टिकला. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, १६४५ मध्ये, राजाच्याच सैन्याने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो जाळला. जळक्या दगडांवरची गुलाबी झाक अजून दिसते. वाड्यात आत जाता येत नाही, पण चर्चच्या पलीकडे कोनीग्री नावाचं, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं कुरण आहे. तिथून वाडा, मेजवानीघर आणि चर्चचा मनोरा असं सगळं एकत्र दिसतं. इथली चाल जवळजवळ सपाट आहे. गवतावर बसायचं, डबा उघडायचा, मेंढ्या बघायच्या. थांबत थांबत दीड तासात सगळं होतं.

कुरणात जमीन लाटांसारखी वर-खाली दिसली तर ती नैसर्गिक समजू नका. मध्ययुगात बैलांच्या नांगराने एकाच दिशेने माती टाकत गेल्यामुळे सऱ्या-वरंबे तयार झाले. पुढे शेती सोडून मेंढ्या पाळल्या, पुन्हा नांगर फिरलाच नाही, म्हणून ते तसेच राहिले. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की हे वरंबे लख्ख उठून दिसतात. शेतीतल्या माणसाला हे दाखवाच.

डोव्हर्स हिलला चढ किती आहे?

हाय स्ट्रीटवरून कॅथलिक चर्चच्या बाजूने वळायचं, हू लेनने वर जायचं आणि मग शेताच्या कडेने. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, चढ पर्वती चढण्याइतका, पण पायऱ्या नाहीत आणि चढण सावकाश आहे. नेहमी चालणाऱ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. कुणाला चढ नको असेल तर टेकडीवर नॅशनल ट्रस्टचं वाहनतळ आहे. तिथून टेकडीच्या कडेपर्यंत काही मिनिटांची चाल. आम्ही बरेचदा दोन गट करतो: तरुण मंडळी चालत, आजी-आजोबा गाडीने, आणि वर भेट.

वर पोचलात की जमीन एकदम खाली उतरते आणि समोर एव्हशमचं खोरं पसरतं. बागा, शेतं, दूर माल्व्हर्नच्या टेकड्या, हवा स्वच्छ असेल तर वेल्सचे डोंगर. कुठल्या दिशेला काय दिसतं हे सांगणारी तबकडी तिथे बसवलेली आहे.

ही टेकडी म्हणजे नैसर्गिक प्रेक्षागृहच. रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने १६१२च्या सुमारास इथे खेळांचा उत्सव सुरू केला. त्याला ‘ऑलिंपिक’ हे नाव होतं, म्हणजे आधुनिक ऑलिंपिक सुरू व्हायच्या पावणेतीनशे वर्षं आधी. मधे खंड पडला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो बंद पडला, विसाव्या शतकात गावाने तो पुन्हा उभा केला. मे महिन्याच्या शेवटच्या बँक हॉलिडेनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी तो होतो. त्यात दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरून नडगीवर लाथा मारायचा खेळ असतो, आणि खेळणारे पँटीत पेंढा कोंबून उतरतात. शेवटी होळी पेटते आणि हातात मशाली घेऊन सगळे उतरून गावात येतात. तो शुक्रवार साधता आला तर जरूर साधा. मात्र परतीच्या वाटेवर अंधार असतो, त्यामुळे वयस्कर मंडळींना गाडीने न्या.

ब्रॉडवे टॉवरपर्यंत चालत जाता येतं का?

येतं. कॅम्डनहून डोव्हर्स हिल, तिथून माइल ड्राइव्ह हा गवताळ सपाट पट्टा, फिश हिल, टॉवर आणि खाली ब्रॉडवे गाव असं एकूण सहा मैल. अंतर मोठं असलं तरी कठीण जागा जवळपास नाहीत. टॉवरवरून ब्रॉडवेची उतरण मात्र तीव्र आहे. गुडघेदुखीला चढापेक्षा उतार जास्त भोवतो, तेव्हा अशांना गाडीने थेट टॉवरला न्या आणि आसपासच फिरवा.

टॉवर १७९८-९९ मधला, जेम्स वायट या वास्तुकाराचा. लढाईसाठी नाही, केवळ शोभेसाठी बांधलेला, उंची ६५ फूट. टेकडीची उंची ३१२ मीटर, म्हणजे कॉट्सवोल्ड्समधली पहिल्या दोन-तीन उंच जागांपैकी एक. वारा कायम असतो. जुलैतही कानटोपी खिशात ठेवा.

या टेकडीची एक गोष्ट चालताना सांगण्याजोगी आहे. १६ ऑगस्ट १६६० रोजी विल्यम हॅरिसन हा सत्तरीचा कारभारी मालकिणीचा खंड गोळा करायला कॅम्डनहून चॅरिंगवर्थला पायी निघाला आणि परतलाच नाही. रस्त्यावर त्याची कापलेली टोपी आणि रक्ताळलेली गळपट्टी सापडली. त्याचा नोकर जॉन पेरी याने, ‘माझ्या आईने आणि भावाने मारलं’ असा जबाब दिला. प्रेत सापडलं नाही, तरी पुढच्या वर्षी आई आणि दोन्ही मुलगे अशा तिघांना ब्रॉडवेच्या टेकडीवर फाशी दिलं. १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परत आला. आपल्याला पळवून तुर्कस्तानात गुलाम म्हणून विकलं होतं, असं त्याने सांगितलं. जॉनने स्वतःच्या आईविरुद्ध तसं का सांगितलं, हे आजवर कुणालाही उलगडलेलं नाही. तीन निरपराध माणसं गेली, हे टेकडीवर उभं राहून ऐकताना पोरंसुद्धा गप्प होतात.

हॅरिसन ज्या बाजूला गेला त्या बाजूचं एब्रिंग्टन हे कॅम्डनहून दोन मैलांवर आहे. गवताने शाकारलेल्या घरांचं सुरेख खेडं. वाटा शेतातून जातात आणि चढ हलका आहे.

भारताशी नातं सांगणारं काही आहे का इथे?

दोन ठिकाणं आहेत आणि दोन्हींना पायी जाता येतं.

पहिलं, ब्रॉड कॅम्डन. मैलभर अंतर, जवळपास सपाट वाट. १९०२ मध्ये चार्ल्स रॉबर्ट ॲशबी हा वास्तुकार लंडनच्या ईस्ट एंडमधून आपल्या हस्तकारागिरांचा संघ घेऊन कॅम्डनला आला. कारखान्यातल्या यंत्रवत कामापेक्षा मोकळ्या हवेत हाताने सुंदर वस्तू घडवाव्यात, असा त्याचा ध्यास होता. पन्नासेक कारागीर, बायका-मुलं धरून दीडशे माणसं या छोट्या गावात आली. शीप स्ट्रीटवरच्या जुन्या रेशीम गिरणीत त्यांनी कार्यशाळा थाटल्या. काही वर्षांतच संघ बुडाला, पण त्याच इमारतीत हार्ट कुटुंबाचं चांदीकाम आजही हाताने चालतं. जिना चढून वर जा. खिडकीशी ओळीने बाकं, बाकांवर हातोड्या, आणि छताला लटकलेल्या जुन्या बिलांच्या जुड्या. काम करणारी माणसं शांतपणे ठोकत असतात आणि विचारलंत तर आनंदाने सांगतात.

याच ॲशबीने ब्रॉड कॅम्डनमधलं बाराव्या शतकातलं पडकं नॉर्मन चॅपल राहण्यायोग्य करून दिलं ते आनंद कुमारस्वामींसाठी. भारतीय शिल्प आणि चित्रकलेकडे पाश्चात्त्यांनी आदराने बघावं म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं ते हे कुमारस्वामी. कोलंबोत १८७७ मध्ये जन्म, वडील तमीळ, आई इंग्लिश, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. पुढे बॉस्टनच्या संग्रहालयात भारतीय कलेचा विभाग त्यांनी सांभाळला. त्याआधीची काही वर्षं ते या खेड्यात राहिले आणि इथेच हातयंत्रावर स्वतःचं पुस्तक छापलं. चॅपल आज खाजगी घर आहे, तेव्हा रस्त्यावरूनच बघा, फाटकाशी घुटमळू नका. जवळच १६६३ पासूनचं क्वेकर पंथीयांचं साधं प्रार्थनाघर आहे.

दुसरं, सीझिनकोट. यासाठी बोर्टन-ऑन-द-हिल या गावी जायचं आणि तिथून लाँगबरोपर्यंत चालायचं. अंतर अडीच मैलांच्या आसपास, फाटकं बरीच, चढ-उतार सौम्य. ‘हार्ट ऑफ इंग्लंड वे’ या लांब वाटेचाच हा तुकडा आहे. आधी नेहमीची कुरणं, जुने ओक. मग उजवीकडे वर झाडांतून कांद्याच्या आकाराचा हिरवट तांब्याचा घुमट, छत्र्या आणि छज्जे दिसायला लागतात. मुघल धाटणीचा वाडा, ग्लॉस्टरशरच्या टेकडीवर!

ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुकार भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने, १८०५च्या सुमारास तो बांधला. भारतात हिंडून तिथल्या वास्तूंची चित्रं काढलेल्या थॉमस डॅनियलचा सल्ला घेतला होता. बागेतल्या पुलावर नंदी आहेत आणि सूर्याचं छोटं देऊळही आहे. प्रिन्स रीजंटने (पुढचा राजा चौथा जॉर्ज) हा वाडा पाहिला, आणि पुढे ब्रायटनचं पॅव्हिलियन हा त्याचा महाल भारतीय वळणाचा झाला. बाग आणि वाडा ठरावीक दिवशीच आणि तिकिटाने खुले असतात, तेव्हा आधी तपासा. सार्वजनिक वाटेवरून दिसणारं दृश्य मात्र रोज आणि फुकट आहे.

याच सॅम्युअल कॉकरेलने जवळच्या डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जचा वाडा बांधला. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आणि १७८२चा सालबाईचा तह ज्याच्या कारकिर्दीत झाला, तोच हा हेस्टिंग्ज. १८१८च्या ऑगस्टमध्ये तो डेल्सफर्डला वारला आणि तिथल्याच चर्चपाशी त्याला पुरलं. त्याच वर्षी जूनमध्ये बाजीरावाने शरणागती पत्करली होती. त्या वेळी हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल असलेले लॉर्ड हेस्टिंग्ज वेगळे. या दोघांची गल्लत नेहमी होते.

आम्हाला या वाटेबद्दल मनापासून वाटतं की आपल्या मुलांनी ती चालावी. घुमट सुंदर आहे. तो कुठल्या पैशातून उभा राहिला तेही सांगावं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि चालता चालता मुलं नीट प्रश्न विचारतात.

वाटेत गाई-बैल आले तर?

मेंढ्या तुम्हाला बघून पळतात, त्यांची चिंता नको. गाई कुतूहलाने जवळ येतात. पळू नका, शांतपणे चालत राहा. गाय आणि तिच्या वासराच्या मधून कधीही जाऊ नका, वळसा घ्या. वसंतात वासरं लहान असताना हे जास्त महत्त्वाचं. दुधाळ जातीचा मोठा वळू सार्वजनिक वाटेच्या शेतात सोडायला कायद्याने मनाई आहे. बरोबर कुत्रा असेल तर दोरीला बांधलेला ठेवा. पण गाई अंगावर आल्याच तर दोरी सोडून द्या. कुत्रा निसटतो आणि तुम्हीही वाचता.

कधी यावं आणि पायात काय घालावं?

मे ते सप्टेंबर उत्तम. एप्रिल-मेमध्ये कोकरं आणि रानात निळ्या ब्लूबेलची फुलं असतात, मेमध्ये मोहरीच्या जातीच्या रेपसीडची पिवळीधमक शेतं. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारला अंधारतं, तेव्हा सकाळीच निघा.

साडी नेसून चालणाऱ्या आजी आम्ही पाहिल्या आहेत आणि छान चालल्या आहेत, पण ओल्या गवतात काठ भिजतो आणि बिछूच्या झाडाला (नेटल) पाय लागला की आग होते. पायघोळ पँट किंवा सलवार आणि उंच मोजे बरे. आग झालीच तर शेजारीच डॉक नावाच्या रुंद पानांची झाडं उगवलेली असतात. त्याचं पान चोळायची इथली रीत आहे. चपला-सँडल नकोत. पावसानंतर इथली माती बुटाला किलो-किलोने चिकटते, त्यामुळे खाचा असलेले तळवे हवेत. घरी आल्यावर पोटऱ्या आणि घोटे नीट तपासा. उंच गवतात गोचीड असते.

खायची सोय? आम्ही शाकाहारी आहोत.

गावात चहाघरं आणि पब दोन्ही आहेत. सूप आणि पाव, भाजलेला अख्खा बटाटा, चीज-लोणच्याचं सँडविच, स्कोन-जॅम-घट्ट साय असं सहज मिळतं. पबची स्वयंपाकघरं बरेचदा दुपारी दोन-अडीचला बंद होतात आणि संध्याकाळी उघडतात. भारतीय जेवणाच्या वेळेने तीनला पोचलात तर चिप्सच्या पाकिटावर भागवावं लागेल. आम्ही धपाटे, दही आणि भडंग घेऊनच निघतो. कुरणात बसून खायला कुणाची हरकत नाही, कचरा मात्र सगळा परत न्यायचा, केळ्याची सालंसुद्धा.

गाडी नाही. कसं पोचायचं?

कॅम्डनचं स्वतःचं रेल्वे स्थानक १९६६ मध्ये बंद झालं. लंडन पॅडिंग्टनहून मोर्टन-इन-मार्शला यायचं, साधारण दीड ते पावणेदोन तास. तिथून कॅम्डनला बस असते. बस तासातासाला असेल असं धरून चालू नका, आणि रविवारी तर फारच तुरळक. शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा आणि त्या वेळेवरून मागे हिशेब करून चाल ठरवा. मंगळवारी आलात तर मोर्टनचा आठवडी बाजारही होतो.

बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची जाईल का?

हाय स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि चर्चपर्यंत जाईल. शेतवाटांवर बहुतेक ठिकाणी नाही: कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आणि एका वेळी एकच माणूस वळून जाईल अशी अरुंद किसिंग गेटं आडवी येतात. बाळाला पाठीवरच्या झोळीत घ्या.

कुणी पडलं, अडकलं तर मदत?

९९९ किंवा ११२. खोलगट भागात फोनला रेंज जाते, तेव्हा ‘register’ हा शब्द रोमन लिपीत लिहून ९९९ला आधीच एसएमएस करून ठेवा. नोंदणी झाली की अडचणीत एसएमएसनेही मदत मागता येते. व्हॉट-थ्री-वर्ड्स हे ॲप फोनमध्ये असू द्या. त्यातले तीन शब्द सांगितले की तुम्ही नेमक्या कुठल्या शेतात आहात ते आपत्कालीन सेवेला कळतं. जिथे पदपथ नाही अशा रस्त्यावरून जावं लागलं तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला.

कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तोडल्या तर चालतात?

चालतात. रानटी फळं घरी खाण्यापुरती तोडणं चोरी ठरत नाही, विकायला नेली तर ठरते. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरभर कॅम्डनच्या वाटांवर झुडपं लगडलेली असतात. कमरेच्या वरची तोडा, खालच्या पट्ट्यात कुत्र्यांचा वावर असतो. रिकामा डबा तेवढा लक्षात ठेवून न्या. साखर कमी घालून त्यांचा मुरांबा फार छान होतो आणि पोळीबरोबर आठवडाभर पुरतो.